मूठभर कणीक आणि नार्व्याची वाट

आधी गुन्हा कबूल करते, मग प्रवास सांगते. अडतीस वर्षांपूर्वी मी माझ्या नणंदेच्या तांदळाच्या भाकरीत मूठभर कणीक मिसळली. चुकून नव्हे, मुद्दाम.

शालूवन्सं पेडण्याला दिलेल्या. दिवाळीनंतर माहेरपणाला सांगलीला आल्या आणि म्हणाल्या, "मला हल्ली गहू सोसत नाही गं." मी तेव्हा सत्तावीस वर्षांची. गृहविज्ञानाची पदवी नवी होती आणि अक्कलही नवीच, म्हणजे अजून वापरायला काढली नव्हती. मला वाटलं, बाईला गोव्यात जाऊन नखरे सुचले. ते सिद्ध करायला मी पिठात ती मूठ टाकली. वन्सं दोन दिवस पोट धरून पडल्या आणि आठ दिवसांचं माहेरपण सोडून तिसऱ्या दिवशी निघून गेल्या. पुढे आल्या त्या दुपारी येऊन रात्रीच्या गाडीने परत. सासूबाई दर दिवाळीला त्यांच्यासाठी गादी उन्हात टाकायच्या आणि मग तशीच गुंडाळून ठेवायच्या. गुंडाळायला मी मदत करायचे. तोंड मात्र उघडलं नाही.

वरच्याकडे उशीर असतो, पण विसर नसतो. साठीला मी नातीच्या नादाने पळायला लागले आणि दोन वर्षांपूर्वी गहू आणि दूध दोघांनीही माझ्याशी बोलणं टाकलं. गेल्या वर्षी एकवीस किलोमीटरच्या शर्यतीआधी मोहाने पोळी-बासुंदी खाल्ली आणि चौदाव्या किलोमीटरला रस्ता सोडून एका अनोळखी घराची कडी वाजवली. त्या घरच्या सूनबाईंनी काहीही न विचारता मोरीचं दार दाखवलं. देव त्यांचं भलं करो.

यंदा पुन्हा नाव घातलं. शर्यत पुढच्या महिन्यात. या वेळीही पोटाने दगा दिला तर बूट माळ्यावर टाकायचे, असं मी स्वतःला बजावलं आणि वन्संना फोन लावला. "तुम्ही नक्की खाता काय हो?"

"ये गो आठ दिवस. चाळीस वर्षं ह्याच धंद्यात आहे मी," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी ये. म्हापशाला उतर, मी बाजाराला असतेच."

तर अशी मी जानेवारीत निघाले. पिशवीत पळायचे बूट आणि पोटात अडतीस वर्षांची मूठ. पोट आणि तोंड दोन्ही ताळ्यावर आणायचं, हे ठरवून आंबोलीचा घाट उतरले.

म्हापशाच्या बस स्थानकाच्या आवाराशीच वन्सं उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, तरी ताठ. सांगलीचं आमचं मराठी आणि पेडण्याची बोली त्यांनी अशी कालवली आहे की कुठलं कुठे संपतं ते कळत नाही. मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "बारीक झालीस गो. पळतेस की कोण मागे लागतं?"

शुक्रवारचा बाजार म्हणजे सुकी मासळी, लाल मिरची, मातीची भांडी आणि माणसं, सगळं एकमेकांच्या अंगावर. वन्सं थेट मोयऱ्याच्या (त्या गावच्या नावाजलेल्या) केळ्यांपाशी गेल्या. एकेक केळं माझ्या मनगटाएवढं. पळताना खायला हवीत, असं मी विकणारीला सांगितलं. तिने कमरेवर हात ठेवले. "धांवपाक? ह्या पिरायेर?" (धावायला? या वयात?) मग स्वतःच हसली आणि एक केळं वर घातलं. "खा गे खा. पडलीस जाल्यार म्हज्या केळ्यांचें नांव खराब जातलें!" (पडलीस तर माझ्या केळ्यांचं नाव खराब होईल.)

तिथून बसने पेडण्याला. वन्संचं घर रस्त्यापासून आत, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत). पुढे शेत आणि शेतात वायंगणाची (उन्हाळी भाताची) लावणी चाललेली. यजमान गेल्यापासून वन्सं एकट्याच असतात. एकट्या म्हणजे एक मांजर, दोन म्हशी आणि येणारा-जाणारा अख्खा गाव.

सकाळी मला जाग आली ती भोंग्याने. पोदेर (पाववाला) सायकलवरून पों-पों करत आला. ताज्या पोयांचा (कोंड्याच्या पोकळ पावांचा) वास खिडकीतून आत शिरला आणि माझी नीतिमत्ता डळमळली. स्वयंपाकघरातून वन्संचा आवाज आला, "वैनी, नाक बंद कर. तोंड उघड. पेज झाली."

उकड्या तांदळाची पेज, वर मिठाची चिमूट, बाजूला आंब्याच्या लोणच्याची फोड. मी शहरात कसल्या कसल्या पुड्या फोडून पिते, त्यांच्या तोंडात मारील अशी. दुसरी युक्ती तिझान. ही नाचणीची खीर. दुधाच्या जागी नारळाचा रस, साखरेच्या जागी माडाचा गूळ. पळायच्या दीड तास आधी वाटीभर, लांब पळायचं असेल तर वाटेत आणखी चार घोट. "शर्यतीच्या दिवशी पोटात नवं काही घालायचं नाही, जे घालायचं त्याची आधी सवय कर," असं माझी नात मला पुण्याहून फोनवर बजावत असते. ते ऐकून वन्सं म्हणाल्या, "पोरगी शहाणी. तुझ्यावर गेली नाही."

रोज उजाडता मी पळायला बाहेर पडायचे. पेडण्यातली माणसं इतकी भली की पळणं मुश्कील. साडीवरून ट्रॅकपँटवर आलेली पासष्टीची बाई धावते म्हणजे काहीतरी चुकलंय, याची सगळ्यांना खात्री. स्कूटर थांबते. "मावशे, बस चुकली काय गे? सोडूं तुका?" नको म्हटलं तरी तो बिचारा पन्नास पावलं शेजारून येतो, मी मनातून बदलीन म्हणून.

सोमवारी डिचोलीला एकटीच गेले. गुरुवारी अठरा किलोमीटर पळायचे होते, ती वाट पाहून ठेवायची होती. डिचोलीहून मुळगाव, तसंच परत आणि मग पुढे नार्वे. दुपारी एका खानावळीत शिरले. मालकाला विचारलं, "गहू नाही ना कशात?"

"गंव? आमच्याकडे गंव खंय गे मावशे! शीत (भात) आणि वरण."

वरण इतकं झकास की दोन वाट्या प्याले. मंगळवारी तिसऱ्या किलोमीटरला पोटात पिळा आला. काजूच्या झाडांना मोहर आला होता आणि त्या झाडांमागे मी. याहून तपशील मागू नये. त्या दिवशी मात्र स्कूटरवाल्याला मीच हात केला.

वन्संनी हवालदारासारखी चौकशी केली. भात? वरण? भाजी? पापड? "वरणाला फोडणी कशाची?"

"झणझणीत. हिंगाची."

"तिथेच मेलं. बांधणीच्या हिंगात पीठ असतं गो, बहुतेक वेळा गव्हाचंच. माझ्या घरात हिंग पाहिलास तू?"

गृहविज्ञानाची पदवीधर आडवी पडून ऐकत होती. दिवसभर वन्संनी पातळ पेज चमच्याने पाजली, गरम पाण्याची पिशवी बदलली, मांजराला माझ्या पायाशी बसवलं. चिमूटभर हिंगाने ही गत, तर मूठभर कणकेने काय झालं असेल? मी तोंड उघडलं, "वन्सं, एक सांगायचं होतं..."

"सांग."

"पेजेत मीठ कमी आहे."

मीठ बरोबर होतं.

बुधवारी विश्रांती. गुरुवारी पहिल्या बसने आम्ही दोघी डिचोलीला गेलो. वन्सं थर्मास घेऊन पुढे नार्व्याला निघाल्या. "सप्तकोटेश्वराच्या देवळात बसते. येशील तेव्हा ये. नाही आलीस तर देवाला सांगेन, आमची वैनी बघ कुठे बसली ती."

मी निघाले. मुळगावच्या बाजूला एकीकडे हिरवी शेतं, दुसरीकडे खाणीचा तांबडा डोंगर. एक ट्रक गेला आणि माझे पांढरे बूट जन्मभरासाठी गोव्याचे झाले. सहाव्या किलोमीटरला अर्धं केळं. पोट गप्प. दहाव्याला तिझानचे घोट, कमरेच्या बाटलीतून. पोट गप्प. चौदावा आला तेव्हा मी सवयीने आजूबाजूची घरं न्याहाळली, कुठली सूनबाई प्रेमळ दिसते ते. गरज पडली नाही. नार्व्याच्या उतारावर झाडांची सावली लागली आणि मी अक्षरशः गात पळाले. गळा नाही, म्हणून हळू.

दीपस्तंभाच्या सावलीत वन्सं बसल्या होत्या. "आलीस? पोट?"

"शहाण्यासारखं वागलं."

थर्मासचं झाकण भरून त्यांनी पुढे केलं. ते हातात घेतलं आणि बांध फुटला. अडतीस वर्षांची मूठ मी तिथेच उघडली. पीठ कुठल्या डब्यातलं होतं इथपर्यंत सगळं सांगितलं.

वन्सं समोरच्या पायऱ्यांकडे वळल्या. मग विचारलं, "किती घातलीस?"

"एक मूठ."

"एकच?"

"एकच."

"मला वाटलं, माझ्याच घरचं अन्न आता मला सोसेना," त्या म्हणाल्या. "आई म्हणायची, रव (राहा) गो दोन दिवस. मला भीती वाटायची. आईला काय सांगणार, तुझ्या घरचं खाऊन मी आजारी पडते म्हणून?"

मला वाटलं होतं त्या चिडतील, नाहीतर हसून सोडून देतील. त्या यातलं काहीच करीनात. थर्मास बंद केला, पिशवीत ठेवला. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसल्या आणि पेडण्यापर्यंत बाहेर बघत राहिल्या. संध्याकाळी जेवायला वाढलं, सोलकढी दोनदा वाढली, पण बोलल्या नाहीत. अठरा किलोमीटर पळून मला जे थकायला झालं नव्हतं, ते त्या शांततेने झालं.

शुक्रवारी पुन्हा म्हापसा. पिशवीत उकडे तांदूळ, नाचणी, माडाचा गूळ आणि त्या केळेवालीची केळी. शर्यतीपुरतं पोट आता माझ्या ताब्यात होतं. ज्या कामासाठी म्हणून घरी सांगून निघाले होते ते झालं होतं. दुसरं कामही झालं होतं, पण ते झाल्यावर बरं वाटेल अशी माझी जी समजूत होती, ती सत्तावीस वर्षांच्या त्या दीडशहाणीचीच असावी. आपण कबूल केलं की आपला भार उतरतो. समोरच्याचा तेव्हा कुठे चढायला लागतो.

मी खिडकीशी बसले. घरी जाऊन माळ्यावरची ती गादी काढावी का, कुणासाठी काढावी, असं मनात चाललेलं. गाडीचं इंजिन सुरू झालं. वन्संनी खालून खिडकीची दांडी धरली आणि मला वाकायला लावलं.

"शर्यत झाली की मी येतंय तुझ्याकडे. आठ दिवस रवणार. आणि ऐक गो वैनी, भाकऱ्या मी थापणार. तू पिठाच्या डब्यापासून लांब बसायचं, हात वर करून."