आईच्या हातातला तिसरा गिअर

आमच्या जीपचा तिसरा गिअर आईच्या हातात होता. उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही मी. गिअर टाकला की दांडा निसटून मधोमध यायचा आणि गाडी जागच्या जागी नुसती बोंबलायची. म्हणून अण्णा, म्हणजे माझे वडील, तिसरा टाकून म्हणायचे, "धर." शेजारी बसलेली आई उजव्या हातानं दांडा पुढं रेटून धरायची. गिअर बदलायचा असला की ते म्हणायचे, "सोड." ताडकळसहून परभणीपर्यंत दोघांचं बोलणं एवढंच. बाकी रस्ताभर तिच्या बांगड्या किणकिणत राहायच्या.

आमच्याकडं यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. जुन्या गाडीत पुढं बसणाऱ्यानं काहीतरी धरायचंच असतं, दार नाहीतर दांडा. एकदा मला बघायला आलेल्या पाहुण्यांना अण्णांनी मानानं पुढं बसवलं आणि वाटेत म्हणाले, "धरा." त्या भल्या माणसानं घाबरून डोक्यावरची दांडी धरली, ती उतरेपर्यंत सोडली नाही. ते स्थळ काही जमलं नाही. बरंच झालं म्हणा.

पुढं साखरेनं अण्णांच्या डोळ्यांची वाट लावली. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं, आणि नेमकी तेव्हाच मला राणीसावरगावच्या शाळेत नोकरी लागली. बसनं जायचं तर दोनदा बदलायची, आणि दुसरी बस तिच्या मर्जीनं येणार. जीप मी शिकले होते, पण एकटीनं जायचं तर दांडा कोण धरणार? अण्णांनी एका वाक्यात निकाल लावला. "मिस्त्रीकडं ने. तिसरा आपला आपण थांबला तर गाडी तुजी. न्हाई थांबला तर भंगारात."

भंगारात म्हणे! माझं डोकंच फिरलं. ज्या गाडीत मी पहिल्यांदा शाळेत गेले, दवाखान्यात गेले, ती भंगारात? पण अण्णांपुढं बोलून उपयोग नसतो. परभणीला निघालो तर आई आधीच पुढच्या सीटवर. म्हणाली, "मीबी येते. तितवर धरायला कोन हाय?" अण्णा आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत मागं बसले.

मिस्त्रीनं गाडीखाली शिरून गिअरबॉक्स उतरवला, पोत्यावर ठेवून उघडला आणि डिझेलनं धुऊन काढला. काळं तेल निघून गेलं आणि आतलं लोखंड चकाकायला लागलं. अगं बाई! मी तर बघतच राहिले. आडवी निजवलेली उतरंडच जणू, लहानमोठी दातेरी चाकं एकाला एक लागून. मिस्त्रीनं एका टोकाचा आस हातानं फिरवला तर सगळी चाकं एकदम फिरली, जराही आवाज नाही.

"पन यातलं तिसरं कुठलं?" मी विचारलं.

"हे बघा ताई. सगळेच फिरायलेत. गिअर कुठला का असंना, आत समदे कायम फिरतच असतेत. आपण दांडा हलवून एकालाच पकडतो, बस्स."

मला वाटायचं, आपण गिअर टाकतो तेव्हा चाकं एकमेकांना जाऊन भिडतात. ती तर आधीपासूनच भिडलेली. इतकी वर्षं आमच्या पायांखाली हे सगळं असं न थकता चाललं होतं आणि आम्ही वर बसून उन्हाला नावं ठेवत होतो. खरं सांगते, देवळातही हात जोडले जात नाहीत तसे तिथं माझे आपोआप जोडले गेले.

मग त्यानं एक लोखंडी बेचकं काढून दाखवलं. दांडा हलला की हेच आतलं फिरतं कडं सरकवतं आणि गिअर पकडवतं. त्याची एक बाजू धड होती. दुसरी जुन्या उलथन्यासारखी झिजून पातळ झालेली.

"दाते बोथट झालते म्हणून गिअर निसटायचा, ते खरं," मिस्त्री म्हणाला. "पन दांडा असा दाबून धरला की हे बेचकं फिरत्या कड्याला घासत राहतंय. लय वर्सं घासलंय हे. कोन धरायचं एवढं?"

मला त्याचा असा राग आला! आईकडं बघायचं धाडस होईना. वाटलं, आता हिला लागणार.

"मीच की," आई म्हणाली. तिनं ते बेचकं तळहातावर घेतलं, पातळ कडेवरून अंगठा फिरवला. "माज्या हातानं लोखंड झिजलं?"

"तुमच्याच हातानं, मावशी. पन धरलं नसतं तर गाडी कवाच उभी राहिली असती."

आईच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता यायचं नाही. तिला वाईट वाटलं नव्हतं, एवढं नक्की. ती नवल करत होती. ते बेचकं तिनं पदरात गुंडाळून घेतलं.

नवं सामान बसलं. संध्याकाळी आम्ही परतलो, मी गाडीवर, आई शेजारी, अण्णा मागं. मिस्त्रीनं सांगितलं होतं, उतारावर ॲक्सिलेटरवरून पाय काढून बघा, निसटायचा असला तर तिथंच निसटतो. ओढ्याचा उतार आला. मी तिसरा टाकला. आईचा हात सवयीनं दांड्यावर आला.

"सोड," मागून अण्णा म्हणाले. त्यांना दिसत नव्हतं, पण गाडीचा आवाज कळत होता.

आईनं हात उचलला. मी पाय काढला. दांडा थरथरला. पण तो जागचा हलला नाही, ओढा ओलांडला तरी नाही. "थांबला!" मी ओरडलेच.

"मंग गाडी तुजी," अण्णा म्हणाले.

आई आपल्या रिकाम्या हाताकडं बघत होती. "आता ह्या हाताचं काय करू?" म्हणाली आणि हसली. पण ते हसणं काही खरं नव्हतं. घर येईपर्यंत बांगड्यांचा आवाज आला नाही.

दारात गाडी उभी केली. आई उतरून कुलूप काढायला निघाली. मागं अण्णा पायानं पायरी चाचपत होते, अंधारून आलं होतं, पायरी काही सापडेना. मी उतरायच्या आत त्यांनी हात पुढं केला. तिथं कुणी नव्हतं, नुसता हवेत.

"धर," ते म्हणाले.

आई तशीच मागं फिरली. तिच्या बांगड्या वाजल्या.