गावाच्या रकान्यात ‘धाड’

मलकापूरच्या स्टेशन रस्त्यावर बेघरांसाठी एक निवारा आहे. तिथं आलेल्या माणसाची नोंद घ्यायची, त्याला नेमकं काय हवंय ते ओळखायचं आणि मग दवाखान्यात, कामावर नाहीतर घरी, जिथं त्याची सोय लागेल तिथं त्याला पोचतं करायचं, हे काम संजीवनीकडे आहे. पद समन्वयकाचं, म्हणजे सगळ्यांची बोलणी खाणारीचं. अकरा वर्षं ती हे करते आहे आणि तिला एकाच गोष्टीचा गर्व आहे. तिच्या फॉर्मवर गावाचा रकाना कधी कोरा राहत नाही. दारू पिऊन आलेला असो, रागावून निघालेला असो, संजीवनी त्याच्याकडून गाव काढून घेतेच.

या गर्वानंच एकदा तिला चांगलं तोंडघशी पाडलं.

मार्चमध्ये रेल्वे पोलिसांनी स्टेशनवर सापडलेल्या एका म्हातारीला आणून सोडलं. उजवा हात लुळा, तोंड किंचित वाकडं, जवळ पिशवीसुद्धा नाही. तपासायला येणाऱ्या डॉक्टर आल्हादांनी सांगितलं, “झटका येऊन गेलाय. यांना सगळं कळतं, पण शब्द बाहेर येत नाहीत.”

“आजी, नाव काय तुमचं?” संजीवनीनं विचारलं. म्हातारीनं नुसते ओठ हलवले.

“बरं, गाव कोनतं?”

“धाड,” म्हातारी म्हणाली. “धाड... धाड.”

संजीवनीचा चेहरा खुलला. परजिल्ह्यातल्या माणसाला धाड म्हटलं की पोलीस आठवतात, इथल्याला बुलढाण्याजवळच्या त्या गावाचा आठवडी बाजार आठवतो. तिनं ठसठशीत अक्षरात गाव लिहून टाकलं.

मग धाडला फोन सुरू झाले. फोटो गेले. सरपंच बिचारे घरोघर विचारून आले आणि म्हणाले, “ताई, ही बाई आमच्या गावची नाई.” संजीवनी उखडलीच. “लेक-सून झटकून राह्यले अन् तुम्ही त्याइले झाकून राह्यले!” असं तिनं भल्या माणसाला सुनावलं. एवढ्यावर थांबेल तर ती संजीवनी कसली! बाजाराच्या दिवशी म्हातारीला जीपमध्ये घालून ती थेट धाडला गेली. भाजीवाल्या बायांनी आजीला निरखून पाहिलं, चहा पाजला, ओळखलं मात्र कुणीच नाही. आणि आजी? ती डाव्या हातानं सीट बडवत एकच शब्द म्हणत राहिली.

“आलो ना आजी धाडले!” संजीवनी वैतागून म्हणाली. म्हातारी रडायला लागली.

तीन आठवडे उलटले. निवाऱ्यात कायम राहता येत नाही. दूरच्या एका वृद्धाश्रमात जागा मिळाली आणि सोमवारी गाडी येणार असं ठरलं. कागदावर लिहिलं गेलं, ‘अनोळखी स्त्री, वय अंदाजे साठ’. एकदा त्या नावानं ती इथून गेली की तिला शोधणारं माणूस तिच्यापर्यंत कधीच पोचणार नव्हतं. संजीवनीला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तिचं जेवणावरचं मन उडालं होतं.

शनिवारी दुपारी ती तोच कागद पुढ्यात घेऊन बसली होती. स्वयंपाकघरातून कचरूनं आवाज दिला. कचरू निवाऱ्याचा आचारी, मूळचा चिखलीकडचा.

“ताई, आजीचं ताट तिकडंच धाडू काय?”

संजीवनीचा पेन थांबला. “काय म्हनलं तू?”

“ताट धाडू काय म्हनलं. काऊन, चुकलं काय?”

“तुहं नाई चुकलं भाऊ. माहं चुकलं.”

ती धावत आजीसमोर जाऊन बसली. “आजी, धाड म्हंजे मले घरी धाड, असंच ना?”

म्हातारीनं डाव्या हातानं तिचं मनगट असं धरलं की घड्याळाचा पट्टा रुतला. संजीवनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई पहिल्या दिवसापासून धडधडीत सांगत होती, आणि आपण तिचं मागणं गावाच्या रकान्यात कोंबून बसलो!

पण रडत बसायला वेळ कुठं होता? संजीवनीचे वडील एसटीत कंडक्टर होते. जिल्ह्यातली थांब्यांची नावं तिनं पाढ्यांच्याही आधी पाठ केली होती. ती एकेक नाव घेत गेली. मोताळा? नकाराची मान. बुलढाणा? आधी होकार, मग पुन्हा नकार. चिखली? आजी पुढे सरकली. मग संजीवनी सावकाश पुढची गावं घेऊ लागली आणि ‘साखरखेर्डा’ म्हणताच म्हातारी वाकड्या तोंडानं हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

फोटो साखरखेर्ड्याला गेला. पंधरा मिनिटांत फोन वाजला. “वो ताई, हे तं आमची अन्नपूर्णाबाई!” बुलढाण्याला लेकीकडून परत निघालेली ही बाई चुकीच्या एसटीत बसून मलकापूरला पोचली होती आणि वाटेत तिला झटका आला होता. नवरा रंगराव भाजीचा मळा टाकून रोज बुलढाण्याच्या स्टँडवर तिला शोधत उभा राहत होता.

संजीवनीनं आधी धाडच्या सरपंचांना फोन करून माफी मागितली. मग हाताच्या आणि बोलण्याच्या उपचारांसाठी गावाजवळच्या दवाखान्याला चिठ्ठी लिहिली आणि सोमवारची गाडी नको म्हणून कळवलं. ते कळवताना तिचा आवाज जरा जास्तच चढला होता. चढू दे. असा दिवस वर्षात किती वेळा येतो?

रविवारी सकाळी रंगराव गावच्या जीपनं आले. संजीवनीनं त्यांचं आधार कार्ड तपासलं आणि थांबा म्हणाली.

“माही बायको मलेच देत नाई काय?” रंगराव तडकले.

“देनारी मी कोन? त्याइले इचारते.” ती अन्नपूर्णाबाईंकडे वळली. “तुम्हाले यायच्यासंगं जायचं हाय?”

अन्नपूर्णाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या एवढ्या तापट माणसानं टॉवेलात तोंड खुपसलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. बाईंचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. कचरू झारा हातात घेऊन दारात उभा राहिला.

“चाल,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

नवा कोरा शब्द. कचरूनं झाऱ्यासकट हात जोडले. संजीवनी रडायला लागली आणि तिनं ते लपवलंही नाही. रंगरावांना मात्र जागचं हलता येईना.

“चाल!” बाई आता दटावून म्हणाल्या आणि पाय ओढत स्वतःच जीपकडे निघाल्या. रंगराव मागून धावले.