नाल्याच्या पुलापर्यंत

त्या हिवाळ्यात आम्ही गाडीचं मायलेज झाडांत मोजत होतो. बाबा एक लिटर पेट्रोल पारदर्शक बाटलीत भरत, ती समोरच्या काचेच्या कोपऱ्याशी तारेनं घट्ट बांधत आणि टाकीची नळी काढून बाटलीची नळी इंजिनाला जोडत. मग आम्ही आलापल्लीच्या रस्त्यानं निघायचो. लिटर संपला की गाडी आपोआप थांबायची. ती जिथं थांबली ते त्या रविवारचं मायलेज.

पहिल्या रविवारी ती मोहाच्या मोठ्या झाडाखाली थांबली. इंजिन दोनदा खोकललं, मग नुसती चाकांची सरसर ऐकू आली आणि तीही विरली. इतक्या मोठ्या आवाजानंतर जंगल एकदम जवळ आल्यासारखं वाटलं. धुकं अजून निवळायचं होतं. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले.

"मोहापर्यंतच," ते म्हणाले. "एवढं तर मी पायी येतो."

गाडी सहा सिलिंडरची, परदेशी बनावटीची, माझ्याहून वयानं मोठी. लांबलचक बोनेट, पुढे सोफ्यासारखी एकसंध सीट. गडचांदूरला बाबा एका चुनखडीच्या कंत्राटदाराकडे ड्रायव्हर होते. कंत्राटदारानं काम बंद केलं आणि गाव सोडताना ही गाडी बाबांना देऊन टाकली. तेव्हा मी शाळेत होते. सगळं सामान तिच्यात घालून आम्ही इकडे, आईच्या माहेरच्या मुलखात आलो. लग्नाची वऱ्हाडं, दवाखान्याचे पेशंट, महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेची माणसं, अशी भाडी बाबांनी वर्षानुवर्षं केली. भाविक दर्शनाला गेले की ते वैनगंगेच्या वाळूत बसून डबा खायचे. पंचशील म्हणणारं आमचं घर, पण जत्रेचं भाडं त्यांनी कधी चुकवलं नाही. माझं बी.ए., मग बी.एड. त्याच गाडीवर झालं. चंद्रपूरच्या वसतिगृहात मला सोडायला आले तेव्हा फाटकाशी मुली ती गाडी बघायला जमल्या होत्या, आणि मला उगाचच मोठ्या घरची असल्यासारखं वाटलं होतं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आता मी जिल्ह्याच्या गावी शिक्षिका आहे आणि शनिवारी घरी येते.

बाबांनी भाडं मारणं बंद केलं तसा गाडीला एकच मोठा प्रवास उरला, आलापल्लीचा. तिथं आईची थोरली बहीण अंथरुणाला खिळून होती. आईला दर आठवड्याला तिच्याकडे जायचं होतं. पण आईच्या गुडघ्यांना एस.टी.ची पायरी चढवत नाही. मी लहान गाडी घ्यायचं काढलं, तर ओळखीच्यांच्या तशा गाडीत बसून बघितल्यावर ती म्हणाली, "यात माह्ये पाय ठेवू कुठी?" या जुन्या गाडीच्या सीटवर ती पाय लांब करून बसायची. पण गाडी इतकं पेट्रोल खायची की महिन्यातून एकदा जाणंही जड होई. मी पेट्रोल भरून देते म्हटलं की बाबा विषय बदलत.

आई लोकांना सांगे, "आमच्या यायनं दारूले कधी हात नाई लावला. त्याची कसर या गाडीनं भरून काढली."

चंद्रपूरच्या एका भंगारवाल्याचा गाडीसाठी दोनदा फोन येऊन गेला होता. शेवटी बाबांनीच अट घातली. आम्ही इथं राहायला आलो त्या वर्षी एक लिटर गाडीला नाल्याच्या पुलापर्यंत न्यायचा. जत्रेच्या आत ती पुन्हा पुलापर्यंत गेली तर राहील आणि आई दर आठवड्याला बहिणीकडे जाईल. नाही गेली तर भंगारवाल्याला हो म्हणायचं.

मग आमचे रविवार सुरू झाले. शनिवारी दुपारी आम्ही काम करायचो आणि रविवारी सकाळी बाटली बांधायचो. आधी डिकी रिकामी केली. साखळदंड, दोन जॅक, चिखलात चाकाखाली टाकायच्या फळ्या, कुणाच्या तरी लग्नातली सतरंजी, एवढं निघालं. टायरांत हवा भरली. चाकं एकेक करून उचलली आणि हातानं फिरवली, तर मागचं एक फिरेचना. त्याचा ब्रेक चिकटला होता.

बाबा म्हणाले, "इतके वर्ष मी ब्रेक दाबून गाडी चालवून राह्यलो."

"तरी म्हटलं इतकी सावकाश काऊन चालवता," आई ओसरीवरून म्हणाली.

ब्रेक सुटल्यावर गाडी मोहाच्या पुढे, दोन सागांच्या वळणापर्यंत गेली. वळणावर ऊन तिरपं येत होतं आणि सागाची वाळकी पानं एकेक करून खाली येत होती, घाई नसल्यासारखी. आम्ही थर्मासमधला चहा घेतला. त्या रविवारी बाबा खूप बोलले. गडचांदूरची धूळ, कंत्राटदाराचे पांढरे बूट, मी लहानपणी मागच्या सीटवर झोपून धुळाक्षरं शिकायचे ते. काचेवरच्या धुळीत मी बोटानं अ, आ काढायचे, आणि बाबा काच पुसायचे नाहीत.

पुढच्या खेपेला वाल्व्ह जुळवले, ठिणगीची वेळ नीट लावली, आणि गाडी वनखात्याच्या फाटकापर्यंत पोचली. पूल तिथून दिसत नाही, पण उताराला त्याची चाहूल लागते. हवा थोडी गार होते.

तिथंच आम्ही अडकलो. पुढचे सगळे रविवार फाटकाशीच संपले. प्लग काढले की सहाही काजळीनं काळे. मी मोबाइलवर वाचत होते, बाबा हातानं चाचपत होते, आणि दोघांचं म्हणणं एकच होतं, की पेट्रोल जास्त जळतंय, हवा कमी पडतेय. आम्ही कार्बोरेटर उघडून वर्तमानपत्रावर मांडला, बारीक छिद्रं धुतली, पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट पुन्हा पुन्हा जुळवला. प्लग काळेच. पळस फुलायला लागला. गावात जत्रेची बोलणी सुरू झाली. एका संध्याकाळी बाबा अंगणात भंगारवाल्याला फोनवर म्हणाले, "या मग, सोमवारी या." आत येऊन त्यांनी हात धुतले आणि बराच वेळ पुसत राहिले.

त्या रविवारी आई म्हणाली, मीही येते, शेवटचं बसून घेते. ती पुढच्या सीटवर पाय लांब करून बसली. मी मागे, लहानपणीच्या जागी. मोह गेला, वळण गेलं, आणि फाटकाशी गाडी थांबली. बाबांनी सवयीनं उतरून बोनेट उघडलं. आई दाराला धरून हळूहळू त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. इंजिनात तिनं कित्येक वर्षांत पाहिलं नसावं.

"हे अजून हायच काय?" ती म्हणाली.

इंजिन हवा ओढतं त्या गोल डब्याला एक कापडी टोपडं होतं. गडचांदूरला सिमेंटच्या धुळीनं इंजिन खराब होई म्हणून आईनं तिच्या लुगड्याचं ते शिवलं होतं. टोपडं काढून, धुऊन, पुन्हा चढवताना मी बाबांना लहानपणापासून बघत आले होते. त्या हिवाळ्यातही डबा उघडला की आम्ही ते काळजीनं बाजूला ठेवायचो आणि काळजीनं परत चढवायचो. इंजिनाला जपणारी ती एकच वस्तू आहे असं आम्ही दोघं धरून चाललो होतो.

"तू शिवलेलं हाय," बाबा म्हणाले.

"मी गडचांदूरच्या धुळीले शिवलं. इथी धूळ कुठी हाय? डांबरी रस्ता झाला त्याले किती वर्ष झाले?"

"पण अधूनमधून दिवाळीले तू नवं देत होती."

"मग जुनं काढाचं ना. तुमी सगळे एकावर एक घातले काय?"

आईनं टोपडं ओढून काढलं. ते गोधडीसारखं जाड होतं. जुन्या थरांवर नवे थर घालून बाबांनी कडेला टाके मारले होते. आईनं बांगडीत अडकवलेली पिन काढून टाके उसवले. वरचं कापड माझ्या कॉलेजातल्या ओढणीचं. त्याखाली माझ्या शाळेचा निळा स्कर्ट, त्याखाली प्राथमिक शाळेतला पांढरा शर्ट, आता तेलानं तपकिरी, आणि सगळ्यात आत तिचं हिरवं लुगडं. माझी सगळी शाळा त्या गाडीच्या नाकावर बांधलेली होती.

"एक तरी राहू दे," बाबा म्हणाले. "लुगड्याचं."

"तुमी नाकाले फडकं बांधून झोपता काय?"

आम्ही घरी परतलो आणि बाटली पुन्हा भरली. निघताना बाबांनी टोपड्याविना बोनेट लावलं आणि क्षणभर त्यावर हात ठेवला. गाडीचा आवाज वेगळा होता. मोठा नव्हे, मोकळा. आई म्हणाली, हिची सर्दी गेली. मोह मागे पडला. वळणावर ऊन तसंच तिरपं होतं, पण आम्ही त्याच्यातून नुसते वाहत गेलो. फाटक आलं आणि मी सवयीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा दोन्ही बाजूंनी पळस लाल होता आणि हवा गार होत होती. बाटलीच्या तळाशी पेट्रोलची पुसट रेघ हलत होती.

उतारावर इंजिन खोकललं. बाबांनी गाडी न्यूट्रल केली. आम्ही तिघंही जरासे पुढे झुकलो, जणू त्यानं फरक पडणार होता. गाडी सरसरत पुलावर आली आणि मधोमध थांबली. खाली नाल्यात पाणी थोडंच होतं, पण त्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

बाबांनी विचारलं, "पुलावर थांबली. पुलापर्यंत म्हणाचं का नाई?"

"अर्धा पूल तर जास्तच आली," आई म्हणाली. "त्याले फोन करा. म्हणा, सोमवारी चहाले ये, गाडी नाई भेटत."

बाबांनी तिथंच, कठड्याला टेकून फोन केला. मग बाटली सोडली, टाकीची नळी परत जोडली आणि गाडी सुरू केली. आता वळवायची, असं मला वाटलं. त्यांनी वळवली नाही. ते सरळ आलापल्लीच्या बाजूला बघत होते.

"घराचं मागचं दार उघडंच हाय," आई म्हणाली.

"राहू दे."

आईनं टोपड्याचे सुटे थर मांडीवर घेतले होते. पूल ओलांडताना तिनं ते घडी करून गुडघ्याखाली ठेवले, पाय लांब केले आणि बहिणीला फोन लावायला माझ्याकडून मोबाइल मागितला.