अभ्यासाला लागणारं कार्ड

आमचं घर तासगावला आणि घराच्या पुढच्या खोलीत आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोटर रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटरी यायच्या, आप्पा त्या उघडायचे, जळकी तार उपसून काढायचे आणि नवी गुंडाळायचे. घरभर तारेवर चढवायच्या वार्निशचा वास असायचा. पाहुण्यांनी नाक मुरडलं की मगच आम्हाला त्याची आठवण व्हायची.

मोटर घेऊन येणारा प्रत्येक माणूस खोटं बोलायचा. "काय न्हाई आप्पा, चालता चालता आपोआप बंद पडली बगा." विहिरीतलं पाणी संपल्यावरही ती तासभर कोरडी फिरत होती, किंवा विजेच्या तीन फेजांतला एक गेलेला असताना उरलेल्या दोनावरच दामटली, हे कुणी स्वतःहून सांगायचं नाही. आप्पा वाद घालायचे नाहीत. मोटर उघडायची, कुठल्या कॉइली काळ्या पडल्यात आणि कुठल्या अजून तांबूस आहेत ते बघायचं आणि शांतपणे म्हणायचं, "आता खरं सांगा, म्हंजे तशी गुंडाळतो." माणूस खाली बघून हसायचा आणि सगळं सांगून टाकायचा.

अशा बापाला थाप मारायला मी निघाले होते, यावरून माझी अक्कल किती ते कळावं.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी सांगलीला कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला जात होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्याला मामांकडे गेले, तर मामेभावानं नवा कॉम्प्युटर घेतलेला. त्यावर मोटारींच्या शर्यतीचा एक गेम होता. पहिले चार दिवस त्यानं मला हरवलं, नंतर मी त्याला हरवायला लागले, आणि सुट्टी संपेपर्यंत तो माझ्याबरोबर खेळेनासा झाला. शाळेपासून माझा नंबर कायम मधेच कुठंतरी असायचा. कशात तरी पहिलं येण्याची ती माझी पहिलीच वेळ, आणि मला ती सोडवेना.

परत आले तर आप्पांनी स्वतःच कॉम्प्युटरचा विषय काढला. मला अभ्यासाला होईल आणि त्यांना बिलं छापता येतील. बाजारातल्या एका खताच्या दुकानात त्यांनी छापील बिल बघितलं होतं, सगळे आकडे एकाखाली एक, वर दुकानाचं नाव ठळक. त्या बिलाची घडी ते खिशात घालून फिरत होते. त्यांचं बिलबुक कार्बन पेपरचं, आणि दुसऱ्या प्रतीवर अक्षर कधीच धड उठायचं नाही. रक्कम मात्र ठरलेली, चाळीस हजार. वर एक रुपया नाही.

मी मामेभावाला पत्र टाकलं. रुसवा विसरून त्यानं उलट टपाली यादी पाठवली. मॉनिटर चौदा इंची बास. हार्ड डिस्क लहान चालेल, स्पीकर साधेच घे. रॅम बत्तीसच्या खाली नको. पेन्टियमच्या नादाला लागू नको, त्याचा स्वस्तातला धाकटा भाऊ घे आणि वाचलेले पैसे थ्रीडी कार्डात घाल. कार्डावर तडजोड केलीस तर मला तोंड दाखवू नकोस. मी ती यादी स्वच्छ अक्षरात उतरवली, खाली बिलांसाठी प्रिंटर जोडला, आप्पांना दाखवली आणि कॉलेजातून मिळाली म्हणून सांगितलं. "ह्ये कार्ड कशाला?" त्यांनी विचारलं. "अभ्यासाला लागतं," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली.

सांगलीतलं दुकान पहिल्या मजल्यावर होतं. दुकानदार तरुण होता, आप्पांना काका म्हणत होता. एकेक वस्तू तो काउंटरवर ठेवी आणि आप्पा ती हातात घेऊन तोलत. दोन पॉवर सप्लाय समोर आले, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांत एकेक धरून जड होता तो घेतला. "तांबं ह्यात जास्त हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या वर्गातलं कुणी तिथं असतं तर मी जिन्यावरून उडीच मारली असती. दुकानदार मात्र हसला नाही. "बरोबर घेतलात काका," तो म्हणाला, "तो हलका आम्ही पण घरी लावत नाही."

शेवटी बेरीज झाली आणि ती चाळीसच्या बरीच वर गेली. जवळजवळ एका कार्डाइतकी, किंवा एका प्रिंटरइतकी. दोघांची किंमत सारखीच होती.

आप्पांनी कार्ड उचललं. त्यावर मधोमध ॲल्युमिनियमचा एक लहानसा चौकोन होता, त्याला उभ्या पट्ट्या. त्यांनी त्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. मोटरीच्या अंगावर असतात तशाच त्या होत्या, उष्णता बाहेर टाकायला. "ह्ये तापतंय व्हय?" त्यांनी दुकानदाराला विचारलं. तो हो म्हणाला. मग आप्पा माझ्याकडे वळले.

"टायपिंगला, अभ्यासाला येवढं तापतंय?"

मी काउंटरवरचं स्पीकरचं खोकं सरळ करायला लागले.

"आता खरं सांग, म्हंजे तसं घिऊ."

इतकी वर्षं पडद्याआडून ऐकलेलं ते वाक्य गिऱ्हाइकाच्या जागेवर उभं राहून ऐकायची वेळ आली होती. कान तापले. "खेळायला," मी म्हणाले. "मोटारींचा गेम आहे. याच्याशिवाय रस्ता नुसता ठोकळ्यांचा दिसतो, गाडी अडखळते." आणि मग, कशाला कोण जाणे, पुढंही बोलले, "त्यात माझा पहिला नंबर येतो, आप्पा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते कार्डाकडे बघत राहिले. दुकानदार उगाचच एक स्क्रूड्रायव्हर पुसत बसला.

"यादीतनं प्रिंटर काढा," आप्पा म्हणाले.

"काका, बिलं छापायची म्हणालात ना?"

"हातानं चाललंय की."

त्या क्षणी मला बोलता आलं असतं. राहू दे कार्ड, प्रिंटर घ्या, एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. मी म्हणाले नाही. दुकानदारानं प्रिंटरवर काट मारली आणि मला आनंद झाला, खरंखुरा आनंद. एसटीत मी मॉनिटरचं खोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि तासगाव येईपर्यंत मनात फक्त वळणं घेत होते.

गेम झकास चालला. आप्पा एकदा मागं येऊन उभे राहिले, रस्त्यावर पडलेली झाडांची सावली बघितली आणि "लय झ्याक" म्हणून दुकानात गेले.

महिनाभरानं एक ओळखीचा शेतकरी मोटर न्यायला आला. मी आतल्या खोलीत गाडी पळवत होते, मधे फक्त पडदा. आप्पा कार्बन घालून बिल लिहीत होते.

"आप्पा, कॉम्प्युटर घेतलाय म्हनं तुमी. मग बिल हातानं कसं?"

"छापायचं मशिन बिघडलंय," आप्पा म्हणाले. "दुरुस्तीला दिलंय सांगलीला."

"व्हय का. यील की मग."

"यील."

आप्पांना गिऱ्हाइकाशी खोटं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. माझी बोटं थांबली, गाडी रस्ता सोडून कठड्यावर आदळली आणि तिथंच फिरत राहिली. पडदा सारून बाहेर जायचं आणि खरं काय ते सांगून टाकायचं, एवढंच करायचं होतं. शेतकरी मोटर उचलून जाईपर्यंत मी खुर्चीवरून हलले नाही.