सोळा ग्रॅम जादा

फोमचं ते छोटं रिमोट-कंट्रोलचं विमान मी पहिल्यांदा उडवलं ते सासुरवाडीला, खापर गावच्या शेतात. हातातून सुटलं, वीसेक पावलं गेलं आणि गव्हात बसलं. मेहुणा बांधावरूनच ओरडला, "दाजी, ते इमान शे का कोंबडी?" सासरे तोंड फिरवून हसले. पुढच्या रविवारी उडवून दाखवतो, असं मी सर्वांसमोर बोलून गेलो. आता जावयाची अब्रू त्या फोममध्ये अडकली होती.

घरी आल्यावर बायकोचा स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला. खोक्यावर वजन छापलं होतं एकशे पंच्याण्णव ग्रॅम. माझं विमान भरलं दोनशे सव्वीस. एकतीस ग्रॅम कुठून आले, ते शोधायला वही काढली.

चाकं काढली, हातातून सोडायचं आणि गवतावर उतरवायचं, तर चाकं कशाला? नऊ ग्रॅम गेले. वायरी लांब होत्या, त्या कापून पुन्हा जोडल्या, चार गेले. मागे एकदा घरातच पडून तुटलेल्या शेपटीवर मी चिखल लिंपावा तसा गोंद फासला होता. तो ब्लेडने खरवडला, दोन. चार दिवसांत पंधरा ग्रॅम. अजून सोळा जादा. बाकी काढण्यासारखं काही दिसेना. शुक्रवारी पंखाला आतून भोकं पाडायला बसलो.

बायको दारात उभी. "मन्हा काटा कव्हय देशात?"

"विमान हलकं झालं की देतो."

तिने विमान उचललं, उजेडात धरलं, नखाने पंखाची कड टोकरली. "आणि ही पन्नी?"

"ती पन्नी नाही. कव्हर आहे."

विमान आणलं त्याच दिवशी मी त्याला नाकापासून शेपटीपर्यंत पारदर्शक चिकटपट्टी लावली होती. पांढरं फोम, धुळीने मळू नये म्हणून. शाळेच्या पुस्तकांना घालतात तशी, कडा दुमडून. पाच दिवस वजन शोधत होतो, पण वहीत पट्टीची ओळच नव्हती. माझ्या हिशेबी कव्हर म्हणजे काळजी, वजन नव्हे.

ती टीव्हीच्या रिमोटकडे बोट दाखवून म्हणाली, "आठ वरीस व्हयनात, रिमोटनी पन्नी निंघनी नही. इमाननी काय निंघी?"

निघाली. पट्टी सावकाश सोलली, तरी तीन ठिकाणी फोमची साल आली. सगळ्या पट्टीचा गोळा करून काट्यावर ठेवला. सतरा ग्रॅम. विमान एकशे चौऱ्याण्णव. मी दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा तिने मोजू दिलं नाही.

रविवारी सकाळी वारा पडलेला होता. बॅटरी बोटभर पुढे सरकवून तोल साधला आणि सोडलं. विमान गव्हावरून गेलं, विहिरीपाशी वळलं, बाभळीवरून परत आलं. पुन्हा एक फेरी. उतरताना पोटाला चिखल लागला. माझा हात खिशातल्या रुमालाकडे गेला, पण बायको बघत होती, म्हणून तसाच राहू दिला.

मेहुणा बांधावरून उतरून विमानापाशी आला. मग म्हणाला, "दाजी, कोंबडी उडनी बरं!"

सासरे या वेळी तोंड न फिरवता हसले.

घरी येऊन काटा पुसला, धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि परत केला. तिने काटा घेतला आणि पिशवी माझ्या हातात ठेवली.