आत्या म्हणून मारलेली हाक

त्या काळात मारुतीच्या देवळावरून जाताना मी मान खाली घालायचो. हात जोडावेसे वाटत नसत. माझी लेक जेमतेम शाळेत जाण्याच्या वयाची, आणि तिच्या एवढ्याशा अंगात तीन दुखणी. ऐकू येत नव्हतं. रक्त सारखं कमी व्हायचं, म्हणून बाहेरचं चढवावं लागे. त्यात साखर निघाली. इन्सुलिनची सुई मीच टोचायचो. ती रडायची नाही, नुसती माझ्याकडे बघायची. मला शिक्षा दे, लेकराला का, असं मी देवाशी मनातल्या मनात भांडायचो.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. रक्त चढवायला आम्ही वर्ध्याच्या दवाखान्यात गेलो होतो. माझी आई नातीला मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. बायको म्हणाली, "आत्या, पोरीले इकडं द्या. पाय दुखून राह्यले असन तुमचे."

बाकावर एक वयस्क बाई होत्या. नागपूरच्या, लहान मुलांच्या डॉक्टर. आपल्या आजारी बहिणीला भेटायला आलेल्या. त्यांनी विचारलं, "सख्खी आत्या, की सासू म्हणून आत्या?"

आई हसली. "सख्खीच! माह्या भावाची पोर हाय हे. सून कुठं आणली, भाचीच उचलून आणली."

बाई उठल्या. लेकीच्या पाठीमागे त्यांनी टाळी वाजवली. ती वळली नाही. तिची पापणी ओढून पाहिली, आणि हळूच विचारलं, "हिला साखरपण आहे का?"

साखरेचं आम्ही बोललोच नव्हतो.

त्या आमच्या डॉक्टरांशी जाऊन बोलल्या. तीन दुखणी आम्ही तीन ठिकाणी दाखवत होतो. ती एकाच आजाराची असतील हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. एकच दोष आई-बाप दोघांकडून आला की शरीराला एक साधं जीवनसत्त्व नीट घेता येत नाही, असा फार विरळा आजार असतो म्हणे. त्याच जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या देऊन पाहायच्या. "लागू पडेलच असं सांगत नाही," बाई म्हणाल्या. "ऐकू तर येणार नाहीच. आणि सुई आपल्या मनानं बंद करू नका."

मला फक्त 'आई-बाप दोघांकडून' एवढंच ऐकू आलं. मामाची मुलगी मीच हट्टानं मागितली होती. बाहेर येऊन भिंतीशी रडलो. आई म्हणाली, "रडून काऊन राह्यला? तू का देव हायस, का सारं तुह्याच हातानं होते?"

ते वाक्य मला अजून पुरतं.

गोळ्या सुरू झाल्या. काही आठवड्यांनी लेकीच्या ओठांना रंग आला. पुढच्या खेपेला नर्सबाई म्हणाल्या, रक्त नको. मग डॉक्टरांनीच सुई कमी करत करत थांबवली. नागपूरच्या बाई पुन्हा भेटल्या नाहीत. गडबडीत मी त्यांना साधा नमस्कारही केला नव्हता. तो आता रोज मारुतीपुढे करतो.

ऐकू काही आलं नाही. देवळात लेक घंटा वाजवते आणि लगेच तिच्यावर तळहात टेकवते. एकदा तिनं माझाही हात ओढून तिथं ठेवला. जन्मभर ती घंटा मी ऐकत आलो होतो. ती आतून इतका वेळ थरथरत राहते, हे मला त्या दिवशी कळलं.