डाव्या भुवईवरचं गोंदण

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडे वळवला. "मॅडम, डाव्या बाजूची कॅरोटिड आर्टरी फार अरुंद झाली आहे. परवा तुमच्या हातून चमचा पडला आणि शब्द फुटेना, तो इशारा होता. पुढच्या वेळी हात कायमचा जाईल, बोलणंही जाईल."

कॅरोटिड आर्टरी म्हणजे मानेतून मेंदूकडे रक्त नेणारी मोठी धमनी. डावीकडची धमनी उजवा हात आणि वाचा सांभाळते. ईरा, अर्णव, माझ्या नातवंडांनो, ज्या बाईने मूल गावच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, तिला वाचा जाणार हे ऐकून काय वाटलं असेल, ते तुम्ही समजू शकाल. घरी मात्र मी सांगितलं होतं की गरम चहाने जीभ भाजली.

नागपूरला ऑपरेशन ठरलं. धमनी उघडून आत साचलेला थर काढायचा. तेवढ्या वेळापुरता तिथला रक्तप्रवाह चिमट्याने बंद करावा लागतो, आणि त्या वेळात मेंदूला ऑक्सिजन पुरतो आहे की नाही, हे कुणीतरी पाहत राहावं लागतं.

भूल देणाऱ्या डॉक्टर वरोऱ्याच्या. वयाने तुमच्या आईएवढ्या. त्यांनी मला शांतपणे समजावलं. पद्धतीचं नाव निअर-इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी. कपाळाच्या दोन्ही बाजूंना एकेक चिकटपट्टी लावतात. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कातडीतून आणि हाडातून आत जातो. ऑक्सिजन असलेलं रक्त तो वेगळा शोषतं, नसलेलं वेगळा. परत आलेल्या प्रकाशावरून यंत्र आकडा दाखवतं. सुई नाही, चीर नाही.

"हा आकडा म्हणजे माझी खिडकी," त्या म्हणाल्या. "तुम्ही भुलीत असाल, मला काही सांगू शकणार नाही. मी या खिडकीतून पाहीन."

मला ते फार आवडलं. मी मान डोलावली आणि ती खिडकी स्वतःच्या हाताने बंद केली.

कारण माझ्या कपाळावर, डाव्या भुवईच्या वर, गोंदण आहे. ठिपक्यांची कमान आणि तिच्या पोटात एक ठसठशीत फूल. कुरखेड्याकडच्या आमच्या गावात मुलींना लहानपणीच गोंदत. दिव्याची काजळी कालवून सुईने टोचत. चंद्रपूरच्या वसतिगृहात गेल्यावर त्यावरून मुली मला हसल्या, तेव्हापासून ते कुणाला दिसू दिलं नाही. तुम्हीही पाहिलेलं नाही. तुमची आई दर दिवाळीला पाठवते ती कातडीच्या रंगाची क्रीम सुरकुत्यांसाठी आहे, असा तुम्हा सगळ्यांचा समज आहे.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सने चेहरा धुवायला सांगितला. मी धुतला. मग न्हाणीघरात जाऊन क्रीम पुन्हा लावली.

टेबलावर पट्ट्या चिकटवल्या. उजवीकडचा आकडा चांगला आला, डावीकडचा फार कमी. डॉक्टरांनी पट्टी बदलली, कपाळ स्पिरिटने पुसलं. क्रीम फिसकटली आणि खाली एक निळसर काळपट धब्बा दिसू लागला.

"आजी, हे काय आहे? गोंदण आहे का?"

"पिगमेंटेशन, डॉक्टर. वयोमानाने आलंय," मी इंग्रजीत म्हणाले. वाक्य पूर्ण, उच्चार स्वच्छ. त्यांनी विश्वास ठेवला.

डॉक्टर ऑपरेशन करणाऱ्या सर्जनशी बोलल्या. डावी बाजू आत्ताच इतकी कमी असेल तर धमनीत आणखी काही बिघडलं असणार, असं ठरलं. आधी अँजिओग्राफी पुन्हा करायची, म्हणजे औषध सोडून धमन्यांचे फोटो काढायचे. मला न कापताच वॉर्डात परत नेलं.

फोटोत नवं काही निघालं नाही. डॉक्टर कोड्यात पडले. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. ते मला जमलं नाही.

माझी धाकटी बहीण शेवंता गावाहून आली. तिच्या कपाळावर तीच कमान, तेच फूल, उघडं. पदर डोक्यावर, हातात मोहाच्या लाडवांचा डबा. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी विचारलं, "या कोण?"

मी म्हणाले, "आमच्या गावाकडच्या आहेत."

शेवंताने ऐकलं. स्टूल ओढून बसली आणि मला खिचडी भरवू लागली. "मी खाते," म्हणून मी चमचा घेतला आणि तो हातातून गळून पडला. शेवंताला हाक मारायला गेले तर तोंडातून नुसता घोगरा आवाज आला.

लहानपणापासून मला 'बाई' म्हणणारी शेवंता ओरडतच व्हरांड्यात धावली. "डॉक्टरीनबाई, लवकर या वो! बाईचा हात लुळा पडून राह्यला!"

डॉक्टर आल्या. औषधं झाली, धावपळ झाली. हळूहळू बोटं हलली, शब्द परतले. तेवढ्यात डॉक्टरांची नजर शेवंताच्या कपाळावर गेली आणि तिथेच थांबली.

"माह्या माथ्याकडं काय पाहून राह्यल्या, डॉक्टरीनबाई?"

"मावशी, हे गोंदण कधीचं?"

"लहानी होती तवाचं. इचं न् माहं एकाच दिवशी गोंदलं. मी गुमान बसली. इनं रडून गाव डोक्यावर घेतलं." मग माझ्याकडे वळून, "काऊन व बाई, डॉक्टरलेबी नाई सांगतलं? त्यायच्यापासूनबी पावडर लावून लपवते?"

डॉक्टरांनी ओला कापूस घेतला आणि माझं कपाळ हळू हळू पुसलं, लेकराचं तोंड पुसावं तसं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काजळी प्रकाश गिळते, आजी," त्या म्हणाल्या. "म्हणून आकडा खोटा येत होता. तो सुरुवातीपासूनच खोटा असेल, तर चिमटा लावल्यावर खरंच खाली गेला हे मला कळणार कसं?"

"पिगमेंटेशन नाही, गोंदण आहे," मी म्हणाले, या वेळी मराठीत.

दुसऱ्या खेपेला पट्टी गोंदण टाळून, वर सरकवून लावली. आकडा नीट आला. पुढचं मला नंतर कळलं. धमनी बंद करताच डावा आकडा झरझर उतरला. तो खरा होता म्हणून त्यांना लगेच समजलं आणि त्यांनी शंट घातला. शंट म्हणजे रक्त वळवून पुढे नेणारी छोटी नळी. आकडा पुन्हा चढला.

शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर वाकून विचारत होत्या, "नाव सांगा. उजवा हात उचला. आता सांगा, या कोण?"

पायथ्याशी शेवंता उभी होती.

"माझी बहीण," मी म्हणाले. "सख्खी. शेवंता."

"आता सांगते!" शेवंता डोळे पुसत म्हणाली. "मानीची नस साफ केली तवा कुठी आठवलं इले."

तुमच्या ओळखीत कुणाला असं यंत्र लावायची वेळ आली, तर त्यांना सांगा: गोंदण, टॅटू, क्रीम, केसांचा कलप, जे काही असेल ते डॉक्टरांना आधीच सांगा. त्यात शरमेचं काही नसतं. हे लिहिणं सोपं आहे. मला अजून शरम वाटते, पण आता गोंदणाची नाही. एका जाणत्या डॉक्टरला मी सफाईदार इंग्रजीत फसवलं, आणि जिने माझ्यासाठी हाक दिली तिला गावाकडची बाई म्हटलं, याची वाटते. त्या डॉक्टरांची मी माफी मागितली. शेवंताची मागायला गेले तर तिने लाडू तोंडात कोंबला.

येत्या रविवारी व्हिडिओ कॉल कराल तेव्हा माझ्या शेजारी शेवंताआजी बसलेली असेल. दोघींची कपाळं नीट पाहा. माझ्या फुलाची एक पाकळी वाकडी आहे. ती का वाकडी झाली ते तिला विचारा. मी मध्ये बोलणार नाही.